कॅम्परमधल्या हीटरची ज्योत बाहेरच्या हवेवरच जळावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पिकअपच्या हौद्यावर निजण्यापुरती खोली बांधून स्पिती-लडाखला जाणारी मंडळी आता पुण्या-मुंबईतूनही निघतात. पलंग, ओटा, सोलर यांवर भरपूर खल होतो. थंडीचा विषय मात्र ‘तिथे गॅसचा हीटर लावू’ एवढ्यावर मिटतो. यात जिवाशी गाठ आहे, म्हणून हे पत्र.

खोलीतलीच हवा घेऊन खोलीतच जळणारी कोणतीही शेगडी, मग ती कोळशाची असो वा गॅसची, कॅम्परमध्ये निजताना पेटती ठेवू नये. अशा खोलीत जेमतेम सात घनमीटर हवा असते. ऑक्सिजन कमी पडला की ज्वलन अर्धवट होऊन कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक घट्ट चिकटतो. लेहमध्ये, साडेतीन हजार मीटरवर, हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशच असतो, म्हणजे ऑक्सिजन मुळातच कमी. त्याहून घातक गोष्ट ही, की डोकेदुखी, मळमळ, गुंगी ही या विषबाधेची लक्षणं उंचीच्या त्रासासारखीच असतात. लोक गोळी घेऊन पुन्हा झोपतात. बोटाला लावायचा साधा ऑक्सिमीटरही इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेलं रक्त तो ऑक्सिजनयुक्त समजतो आणि चांगला आकडा दाखवतो. हीटर सुरू असताना सगळ्यांचंच डोकं एकदम दुखू लागलं, तर उंचीला दोष देत बसू नये. आधी सगळ्यांनी बाहेर पडावं, मग ऑक्सिजन आणि दवाखाना गाठावा.

गॅसच्या इतर अडचणीही कमी नाहीत. आपल्या सिलिंडरात ब्युटेनचं प्रमाण मोठं असतं आणि ब्युटेन शून्याच्या जवळपास वायुरूप होणंच थांबवतो, त्यामुळे नेमक्या कडाक्याच्या रात्री दाब पडतो. शिवाय एक किलो गॅस जळला की सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन खोलीत येतं आणि पहाटे भिंतींवरून ओघळतं. विजेचा हीटर निर्धोक, पण एक किलोवॉटचा हीटर आठ तास चालवायला आठ युनिट लागतात. १२ व्होल्टच्या, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत सव्वा युनिट असतं. तो हॉटेलच्या आवारात, प्लगपाशीच उपयोगाचा.

राहतो डिझेलवरचा हवा-हीटर. ज्वलनाची हवा तो बाहेरून घेतो, धूरही बाहेर सोडतो. खोलीतली हवा फक्त गरम धातूवरून फिरते. २.४ मीटर लांब, १.६ रुंद, १.८ उंच खोलीचा पृष्ठभाग २२ चौरस मीटर. भिंतींना २५ मिलिमीटर एक्सपीएस फोम (उष्णता अडवणारा कडक फोम) असेल, तर पत्र्याच्या सांध्यांतून जाणारी उष्णता धरूनही बाहेर उणे १५ आणि आत १५ अंश राखायला सुमारे एक किलोवॉट लागतो. वायुविजनासाठी आणखी २०० वॉट. म्हणजे दोन किलोवॉटचा हीटर पुरतो, पण लेहच्या उंचीवर त्याचेही जेमतेम १.३ उरतात. म्हणून पैसे मोठ्या हीटरऐवजी छताच्या आणि तळाच्या फोमवर घालावेत. पाच किलोवॉटचा हीटर एवढ्याशा खोलीत सतत मंद आचेवर राहतो, काजळी धरतो आणि ऐन थंडीत पेटेनासा होतो.

हीटरला ठोक्याठोक्याने डिझेल पुरवणारा छोटा पंप असतो. उंचीवर त्याने तेवढंच डिझेल टाकलं, तर ते जाळायला हवा पुरत नाही आणि पुन्हा काजळीच. साधारण १५०० मीटरच्या वर पंपाचे ठोके कमी करावे लागतात, लेहला सुमारे एक तृतीयांशाने. हे आपोआप करणारं मॉडेल मिळत असेल, तर जास्त किंमत मोजून तेच घ्यावं.

बसवताना बहुतेक चुका खालच्या बाजूला होतात. धुराचा पाइप दार-खिडकीखाली किंवा तळाशीच संपवू नये, गाडीच्या कडेपर्यंत न्यावा. त्याच्या सर्वांत खालच्या वळणाला पाणी निघून जायला बारीक भोक हवं, सांधे धातूच्या क्लॅम्पने आवळावेत, आणि हवा घेणारी नळी त्याच्यापासून लांब असावी. पंप आडवा न ठेवता डिझेल बाहेर सोडणारं तोंड वर करून तिरका बसवावा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. सोबत येणारी मऊ हिरवी नळी टाकून कडक नायलॉनची, दोन मिलिमीटर आतल्या व्यासाची नळी घालावी. पेटताना ग्लो प्लग (डिझेल पेटवणारी, विजेने तापणारी कांडी) दहा अँपिअरपर्यंत ओढतो. बॅटरी चार-पाच मीटर दूर असेल, तर सहा चौरस मिलिमीटरची तार हवी, नाहीतर व्होल्टेज पडून हीटर बंद होतो. बंद करताना थेट बॅटरीचा स्विच पाडू नये. आतलं धातू निवेपर्यंत पंखा काही मिनिटं फिरू द्यावा.

रात्रभरात दीड-दोन लिटर डिझेल पुरतं. मैदानी भागातलं डिझेल कडक थंडीत मेणासारखं गोठतं आणि ही बारीक नळी सर्वांत आधी तुंबते. लडाखसाठी इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत प्रवाही राहणारं हिवाळी डिझेल आणलं. हीटरची वेगळी टाकी रिकामी करून हिवाळ्यात तेच भरावं.

कॅम्पर बांधणाऱ्या आणि भाड्याने देणाऱ्या व्यावसायिकांना कळकळीची विनंती, की ‘ईएन ५०२९१’ या युरोपीय मानकाच्या दुसऱ्या, म्हणजे कॅम्परसारख्या वाहनांसाठीच्या भागात बसणारा कार्बन मोनॉक्साइड अलार्म झोपण्याच्या जागी, उशीच्या उंचीवर लावल्याशिवाय गाडी ताब्यात देऊ नका. डिझेल हीटर असला तरीही, कारण पाइपचा सांधा खडबडीत रस्त्यावर सुटू शकतो. आणि कोणत्या उंचीवर पंपाच्या ठोक्यांचा आकडा किती ठेवायचा, तो तक्ता दाराच्या आतल्या बाजूला मराठीत चिकटवा.

आपला,
एक वाचक, चिंचवड