ई-स्कूटरच्या चार्जिंगचा खरा वेळ सांगा

संपादक महोदय,
स. न.

मी एका पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. पहाटे साडेपाचला नाशिकच्या जेलरोडवरून निघते. उपनगर, द्वारका, पंचवटी, आडगाव करत दुपारपर्यंत पन्नासेक किलोमीटर होतात, संध्याकाळी पुन्हा वीस-पंचवीस. पेट्रोल परवडेना म्हणून गेल्या वर्षी कर्ज काढून ई-स्कूटर घेतली. शोरूममध्ये एकच प्रश्न तीनदा विचारला होता, पूर्ण चार्ज व्हायला किती वेळ लागतो? तिन्ही वेळा उत्तर मिळाले, "मॅडम, चार तास."

पहिल्याच रात्री घड्याळ लावून पाहिले. जवळजवळ सात तास लागले. गाडीतच काही बिघाड असेल असे वाटून दोन चकरा मारल्या. शेवटी तिथल्या मेकॅनिकने चार्जर उलटा करून मागचा स्टिकर दाखवला, तेव्हा उलगडा झाला. बॅटरी 3 किलोवॅट-तासांची, म्हणजे आपल्या वीजबिलाच्या भाषेत 3 युनिटची. सोबत दिलेला चार्जर 500 वॅटचा. तासाला अर्धे युनिट, म्हणजे नुसत्या भागाकारानेच सहा तास झाले! चार तासांचा आकडा 750 वॅटच्या चार्जरचा होता, आणि तो चार्जर वेगळे पैसे मोजून घ्यावा लागतो. हे विकताना कुणी सांगितले नाही.

उरलेला वेळ कुठे जातो तेही त्याच मेकॅनिकने समजावले. थोडी वीज चार्जर तापण्यातच जाते. शिवाय बॅटरी भरत आली की तिला जपण्यासाठी करंट आपोआप कमी होतो. हंडा काठाशी आला की आपण नळ बारीक करतो, तसेच. त्यामुळे शेवटचे 20 टक्के रेंगाळतात. उन्हातून आल्याआल्या प्लग लावू नका, बॅटरी थंड होऊ द्या, असेही माझ्या गाडीच्या पुस्तिकेत लिहिले आहे. तो अर्धा तास तर कुणी हिशेबातच धरत नाही.

ज्यांचा रोजचा प्रवास दहा-पंधरा किलोमीटरचा आहे त्यांना याने फारसा फरक पडत नाही. पण ज्यांचे पोट गाडीवर आहे त्यांना पडतो. जुलैत एका रात्री पावसात साडेअकराला गेलेली वीज साडेचारला आली. सकाळी गाडीत 40 टक्के चार्ज. नऊच्या सुमारास तो संपत आला म्हणून एका चार्जिंग स्टेशनवर गेले, तर तिथला प्लग माझ्या गाडीला बसेना. स्कूटरसारख्या हलक्या ई-वाहनांच्या चार्जिंग प्लग-सॉकेटसाठी भारतीय मानक ब्युरोने 2023 मध्ये मानक जाहीर केले, तरी कंपन्यांचे सॉकेट अजून वेगवेगळेच आहेत. गाडी तिथेच ठेवून रिक्षाने आडगावला पोहोचायला अकरा वाजले. तिथल्या आजींचे उपाशीपोटी रक्त घ्यायचे होते. मधुमेह असूनही त्या रात्रीपासून काही न खाता, चहासुद्धा न घेता बसून होत्या. सुई लावताना त्यांचा हात थरथरत होता. तो हात मी विसरलेले नाही.

आणखी एक. सहा-सात तास सलग वीज ओढणारी वस्तू साध्या बोर्डावर लावणे बरे नव्हे. आमच्या पार्किंगमधले सॉकेट दोन महिन्यांत तपकिरी पडले, जळका वास यायला लागला. एप्रिल 2022 मध्ये याच नाशिकमध्ये कंटेनरमधल्या वीस ई-स्कूटर जळाल्या होत्या. त्यामुळे सोसायटीतले लोक घाबरले तर मी त्यांना दोष देत नाही. मी वायरमन बोलावून 16 अँपिअरचे सॉकेट, जाड वायर आणि अर्थिंग करून घेतले. हा खर्चही ग्राहकाला आधी सांगायला हवा.

फ्रिज घेताना त्यावर वीजवापराचे लेबल असते. तसे प्रत्येक ई-स्कूटरवर बॅटरी किती युनिटची, सोबतचा चार्जर किती वॅटचा आणि त्याच चार्जरने घरच्या सॉकेटवर शून्यापासून शंभर टक्क्यांपर्यंत किती तास लागतात, हे मराठीत लिहिणे सक्तीचे करावे. तोपर्यंत नाशिकच्या शोरूमवाल्यांनी निदान दारातल्या फलकावर तरी हे तीन आकडे लिहावेत, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपली,
एक वाचक, जेलरोड, नाशिकरोड