कापडाला हात लावण्याआधी साबण मागणाऱ्या मिस्त्रीकाकांस

आदरणीय मिस्त्रीकाका,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

तुम्ही माझे शिलाई मशीन दुरुस्त करून गेलात त्याला आता बरेच आठवडे झाले, तरी तुमच्याशी चार शब्द बोलायचे राहिले ही रुखरुख माझ्या मनातून जात नाही. त्या दिवशी दारात मी काही बोलू लागले तेव्हा "ताई, त्यात काय एवढे, कामच आहे ते माझे," एवढे म्हणून तुम्ही हत्यारांची पिशवी सायकलला अडकवलीत आणि निघालात. समोरासमोर तुम्ही आभार मानू दिले नाहीत, म्हणून हे पत्र चारचौघांत लिहीत आहे. ते तुमच्यापर्यंत पोहोचेलच, कारण आमच्या पेठेत तुम्हाला ओळखत नाही असे घर नाही.

आमच्या घरात शिवण हा छंद नाही. मुलगी पहिलीत आहे, मुलगा अजून रांगतो आहे आणि घरात एकच पगार येतो. मुले वाढतात त्या वेगाने कपडे विकत घेणे आम्हाला परवडत नाही, म्हणून जे आहे त्यातून जे हवे ते काढायचे, ही रीत मी आईकडून उचलली. आपल्या सोलापुरात त्यासाठी परमुलखात जावे लागत नाही. १८७७ साली 'जुनी गिरणी' म्हणून ओळखली जाणारी कापड गिरणी उभी राहिली तेव्हापासून या गावाचे पोट कापडावर चालले आहे. गणवेश शिवणाऱ्या कारखान्यांतून किलोवर मिळणाऱ्या कतरणीतून मी मुलीच्या शाळेसाठी डब्याच्या पिशव्या आणि पेनांचे बटवे शिवते. विणीत खोट राहिलेले टॉवेल स्वस्तात मिळतात, त्यांची लाळेरी करते, कारण उभ्या फासांच्या त्या विणीचे कापड पाणी चांगले टिपते. मुलीच्या गणवेशाला खाली चांगली चार बोटे दुमड ठेवली आहे, ती दर वर्षी थोडी थोडी उसवायची आणि उसवलेल्या जागी उरलेली फिकट रेघ झाकायला वरून एक नाडी शिवून टाकायची. या सगळ्यात वाचणारा पैसा दुधाच्या आणि औषधांच्या बिलात जातो, हे मी कोणापुढे लाजून सांगत नाही.

मशीन आईचे आहे. काळे, पायाचे, चामड्याच्या पट्ट्यावर चालणारे. माझ्या बाळंतपणात आईने त्याच्यावर बाळंतविडा शिवला आणि मग ते माझ्याकडेच राहू दिले. धाकट्याला नवी झबली हवी होती तेव्हा नेमके ते बिघडले. वरून पाहावे तर टीप सरळ दिसायची आणि कापड उलटावे तर खाली धाग्याचा नुसता गुंता. चार टाके नीट पडावेत, पाचव्याला कापड आत ओढले जावे, असे चालले होते.

तुमच्या आधी जे आले त्यांच्याविषयी लिहिल्याशिवाय तुमचे मोल सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. एका दुकानातून माणूस आला, त्याने खालच्या धाग्याच्या बॉबिन केसचा स्क्रू घट्ट आवळला, आपल्याजवळची सोळा नंबरची जाड सुई बसवली, पैसे घेतले आणि तो गेला. मऊ सुती कापडावर ती सुई भोके पाडू लागली आणि गुंता तसाच राहिला. त्याच दुकानात मी बाळाला कडेवर घेऊन पुन्हा गेले, तर मशीन न पाहताच मला सांगण्यात आले की शटल, म्हणजे खाली टाका गुंफणारा भाग, गेले आहे, या जुन्या मशीनला पैसे घालू नका, मोटारीचे नवे घ्या. पुढे असेही ऐकवले की बाजारात तयार झबली इतक्या कमी पैशांत मिळतात, घरी शिवून तुमचे असे किती वाचते? ज्या दुकानाचे पोट लोकांनी घरी शिवण्यावर चालते, त्या दुकानात हा प्रश्न विचारला जावा याचे मला फार वाईट वाटले.

पण काका, मला सर्वांत जास्त लागले ते वेगळेच. पहिल्यांदा आलेल्या त्या माणसाने काम संपल्यावर हाताचे काळे तेल पुसायला शेजारी घडी करून ठेवलेले कापड उचलले. ते माझ्या आजीचे इरकली लुगडे होते. दुपट्यासाठी मोजून, कापून, सुरकुत्या काढून ठेवलेला तो तुकडा होता. मी ओरडले तेव्हा तो म्हणाला, "जुनेच तर आहे, ताई." त्याने ते मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. त्याला ते फडके दिसले, आणि मला तेच सहन होत नाही. आजीला जाऊन आता काही वर्षे झाली, आणि नऊवारी लुगडे म्हणजे जवळजवळ आठ मीटर कापड. बसण्याच्या जागी विरलेला भाग वगळला तरी त्यातून दोन दुहेरी दुपटी, चार झबली आणि पदराच्या बाजूची एक कुंची निघते. शिवाय वर्षानुवर्षे धुऊन धुऊन ज्या सुतातली सगळी खळ गेली आहे, त्याच्याइतके मऊ नवे कापड कोणत्याही दुकानात मिळत नाही. म्हणूनच तर आपल्याकडे बाळाला पहिले झबले जुन्या लुगड्याचे किंवा धोतराचे घालतात, आणि त्याची शिवण बाहेरच्या बाजूला ठेवतात, म्हणजे कोवळ्या अंगाला ती बोचत नाही. त्या तुकड्यावरचा तेलाचा डाग मी खूप घासला, पण तो गेला नाही.

त्यानंतर तुम्ही आलात. शेजारच्या काकूंनी तुमचे नाव सुचवले तेव्हा खरे तर माझी आशा संपली होती. तुम्ही मशीनसमोर बसलात, सुई काढून उजेडात धरलीत, मान हलवलीत आणि वरच्या टेन्शनच्या दोन चकत्या सोडवल्यात. त्यांच्यामध्ये निळ्या धाग्याचा नखाएवढा तुकडा अडकलेला होता. तेवढ्यामुळे चकत्या मिटत नव्हत्या, वरच्या धाग्याला ताण मिळत नव्हता आणि तो खाली ढिला लोंबत होता. शटलला काहीही झालेले नव्हते. अकरा नंबरची सुई बसवलीत, आवळून ठेवलेला खालचा स्क्रू सैल केलात, कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांखाली साचलेली कापसाची वळकटी काढलीत, आणि काम झाले. धागा ओवताना कापड दाबणारा पाय नेहमी वर असावा, म्हणजे चकत्या उघड्या राहतात आणि धागा त्यांच्या मधोमध बसतो, हे तुम्ही मला दाखवलेत. इतक्या वर्षांत हे मला कोणी सांगितले नव्हते, मशीन विकणाऱ्यांनीही नाही.

हे सगळे तुमच्या कौशल्याचे झाले, आणि त्याचे पैसे मी दिले. ज्याचे पैसे देता येत नाहीत ते त्यापुढे घडले. मशीनवर अर्धवट शिवलेले एक झबले पडले होते. गुंत्यात अडकून त्याची एक बाजू गोळा झाली होती. मी ते तसेच बाजूला टाकले होते, कारण विरलेल्या कापडातला गुंता ओढला तर कापड फाटते आणि कात्री लावली तर भोक पडते. तुम्ही त्याच्याकडे पाहिलेत आणि हात पुढे केलात. मग मध्येच थांबलात. स्वतःचे तळवे पाहिलेत. ते तेलाने काळे झाले होते. आणि तुम्ही मला म्हणालात, "ताई, आधी जरा साबण द्या."

मोरीत जाऊन तुम्ही कोपरापर्यंत हात धुतलेत. नखांतले तेलसुद्धा काढलेत. तुमच्या खिशातला धुतलेला रुमाल मांडीवर पसरलात, त्यावर ते झबले उलटे ठेवलेत, चष्मा नाकावर खाली घेतलात आणि सुईच्या टोकाने एकेक फास उचलून ब्लेडच्या कोपऱ्याने तोडू लागलात. ओढले काहीच नाही. सगळे फास तुटल्यावर वरचा धागा एकाच बाजूने अलगद सरकवून काढलात आणि शिवण मोकळी झाली. कापडाला ओरखडाही नव्हता. बाळ मध्ये रडायला लागले, मी त्याला घेऊन आतल्या खोलीत गेले, परत आले तरी तुम्ही तसेच बसलेले होतात. मशीनवाल्या माणसाने झबल्याचा गुंता सोडवत बसावे असे तुमच्या कामात कुठे लिहिलेले होते? मी तसे म्हटले तेव्हा तुम्ही सांगितलेत की तुमचे वडील गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. कापडावर तेलाचा डाग पडला तर मजुरी कापली जायची, त्यामुळे हात धुतल्याशिवाय कापडाला हात लावायचा नाही ही शिस्त त्यांनी घरातही ठेवली आणि तुम्हालाही लावली. मग झबल्याची कड बोटांत धरून तुम्ही म्हणालात, "इरकल आहे. चांगले सूत आहे. अजून दोन मुले काढील हे."

काका, तुम्ही गेल्यावर मी रडले. दुरुस्तीच्या समाधानाने नव्हे. कितीतरी महिने मी ऐकत आले होते की मी उगाच चिंध्या जमवते, की हल्ली असे कोणी करत नाही, की थोडे पैसे टाकून मोकळे व्हावे. माझ्या जवळच्या माणसांनीही ते प्रेमानेच सांगितले होते. बाळ झोपल्यावर पाठ दुखेपर्यंत वाकून मी जे करते ते काम आहे आणि ज्यावर करते ते कापड आहे, एवढे कबूल करणारे पहिले माणूस तुम्ही होतात. आणि ते तुम्ही बोलून नव्हे, हात धुऊन कबूल केलेत.

या प्रसंगापासून एक गोष्ट माझ्या नजरेत सारखी येऊ लागली आहे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना माणूस काय करतो, त्यावरून त्याची ओळख पटते. आमच्या गल्लीतला गादी पिंजणारा जुन्या गादीतला कापूस जमिनीवर न टाकता स्वतःची चादर अंथरून त्यावर काढतो. मुलीच्या चपलेचा अंगठा शिवून देणारे चाचा चप्पल पुसून परत देतात. या माणसांची कमाई किती, हे मला माहीत नाही आणि विचारण्याचा अधिकारही नाही. पण गरिबाघरची वस्तू हलकी समजायची नाही, हा सज्जनपणा त्यांच्या हातांत आहे. ज्यांची दुकाने काचेची आहेत आणि ज्यांच्याकडे पावतीचे पुस्तक आहे, त्यांच्याकडे तो मला मिळाला नाही. तिथे मला एकच गोष्ट समजली होती, की मी नवे मशीन घेणारी गिऱ्हाईक नाही.

सोडवलेले ते झबले त्याच रात्री पुरे केले. नाड्या पुढच्या बाजूला लावल्या, म्हणजे झोपलेल्या बाळाला उचलून न घेता घालता येते. तेलाचा डाग पडलेला तुकडाही वाया गेला नाही. डागाची बाजू आत घेऊन तो दुपट्याच्या मधल्या थरात घातला आणि कडेने धावदोरा घातला. मशीनला आता तुम्ही सांगितलेलेच पातळ तेल देते. घरातले खोबरेल घालायचे नाही, ते थिजून चिकटते, हे शेजारच्या दोघींनाही सांगितले आहे. त्यांचीही मशीने पलंगाखाली धूळ खात पडली होती. एकीने परवा नवऱ्याच्या जुन्या शर्टांच्या पाठीतून मुलासाठी दोन चड्ड्या शिवल्या. दुसरीच्या मशीनचा पट्टा तुटलेला आहे आणि ती तुमचीच वाट पाहते आहे.

तुमच्या सूनबाईंचे दिवस भरत आले आहेत, असे तुम्ही चहा घेताना बोलता बोलता म्हणाला होतात. ते मी लक्षात ठेवले आहे. बाळंतविड्यातली झबली, टोपडी आणि दुपटी मी शिवणार आहे, आणि त्याबद्दल एक शब्दही ऐकून घेणार नाही. मात्र त्यासाठी मी बाजारातून कापड आणणार नाही. काकूंचे एखादे जुने सुती लुगडे पेटीत असेल तर ते पट्टा बसवायला याल तेव्हा सोबत घेऊन या. विरलेले असले तरी चालेल, कुठून कापायचे ते मी पाहीन. काकूंना माझा नमस्कार सांगा आणि लुगडे त्यांना विचारूनच आणा.

आपली कृतज्ञ,
आईच्या काळ्या मशीनवर शिवणारी एक आई
सोलापूर