बटाटा आधी, टोमॅटो शेवटी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत ‘घरच्या घरी लॅम्ब अँड व्हेजिटेबल स्ट्यू’ अशी पाककृती आली होती. शेजारी चौकटीत ‘खानदेशी टच’ म्हणून सूचना होती, की शेवटी वरून एक चमचा काळा मसाला भुरभुरवावा. मी अमळनेरचा, एसटीतून निवृत्त झालेला वाहक. न करून बघता नावं ठेवायची सवय मला नाही. पुरवणी समोर ठेवून, चष्मा लावून, कृती जशीच्या तशी केली आणि मगच हे पत्र लिहायला बसलो.

त्या दिवशी लेक-जावई नाशिकहून यायचे होते. एक किलो मटण आणलं. कृतीत लिहिल्याप्रमाणे मटण, बटाटे, गाजरं, वांगी, कांदा आणि अर्धा किलो टोमॅटोचा रस असं सगळं एकदम पातेल्यात घातलं, झाकण ठेवलं आणि मंद आचेवर तास लावला. ‘एका तासात लुसलुशीत स्ट्यू तयार’ असं छापलेलं होतं. तासाने झाकण काढलं तर वांगी नाहीशी झालेली, फक्त साली आणि बिया तरंगताहेत. गाजर कच्चट. बटाट्याची फोड चमच्याने दाबली तर ती चमच्यालाच दाबायला लागली. आणि मटण? जावई भला माणूस, म्हणाला, ‘बाबा, दात आहेत अजून माझे.’ पुन्हा चुलीवर ठेवून जेवायला रात्रीचे साडेदहा वाजले. वरून भुरभुरवलेल्या काळ्या मसाल्याची कचकच दाताखाली येत होती ती वेगळीच.

आता चूक कुठे झाली ते सांगतो, कारण ती मला लहानपणापासून माहीत होती. छापील कागदावर विश्वास ठेवला, इतकाच माझा गुन्हा.

आमच्या घरी आजी माळकरी. मटण घरात शिजायचं नाही. अंगणात तीन दगडांची चूल, तिच्यावर वेगळं भगोनं, वेगळी पळी. ते भगोनं वर्षभर गोठ्याच्या आढ्याला टांगलेलं असायचं. शिजवणारे वडील, फुंकणी मारणारा मी. खाणारी तोंडं 11 आणि मटण अर्धा किलो. त्यामुळे भाजी घालणं ही आमच्याकडे हौस नव्हती. आजकाल ‘पौष्टिक’ म्हणून मटणात भाज्या घालायला सांगतात, आमच्याकडे त्या पुरवठ्याला पडायच्या. बटाटा मटणाच्या रश्श्यात शिजला की त्याला मटणाची चव येते, आणि धाकट्या भावंडांना कितीतरी वर्षं तोच मटणाचा तुकडा वाटत होता. नळी कोणाला यावरून भांडण व्हायचं, बाकी कशावरून नाही.

आई मटणाला हात लावायची नाही, पण भाजी तीच चिरून द्यायची. घरातून ताटल्या आणून उंबऱ्यावर ओळीने मांडायची. पहिली बटाट्याची. दुसरी गवारीची, थंडीत तिच्या जागी तुरीचे ओले दाणे. तिसरी वांग्याची, पाण्यात टाकलेली. सगळ्यात शेवटी एका वाटीत चिंचेचा कोळ. वडील मान न वळवता हात मागे करायचे आणि मी पहिली ताटली द्यायचो, मग दुसरी. आईने ओळ चुकवली असं मला आठवत नाही. एकदा मी घाईत चिंचेची वाटी आधी दिली, तेव्हा पाठीत धपाटा बसला होता. कारण विचारायची पद्धत नव्हती.

कारण कळलं ते चाळिशीत, तेही गाडीत. अमळनेर-धुळे फेरीला रसायनशास्त्र शिकवणारे एक सर रोज पुढच्या बाकावर असायचे. गाव मागे पडलं की तिकिटं संपायची आणि गप्पा सुरू व्हायच्या. मी धपाट्याची गोष्ट सांगितली. ते म्हणाले, तुमच्या वडिलांचं बरोबर होतं. भाजीच्या पेशी एकमेकींना धरून असतात त्या पेक्टिन नावाच्या चिकट पदार्थामुळे. गरम पाण्यात हे पेक्टिन सुटतं आणि बटाटा मऊ होतो. पण पाणी आंबट असेल तर पेक्टिन लवकर सुटत नाही. म्हणून चिंच किंवा टोमॅटो आधी पडला की बटाटा तासभर उकळूनही आत टणक राहतो. मटणाचंही त्यांनी सांगितलं. पुढचा पाय, मान, चाप इथे चिवट धागे जास्त असतात. त्यांतलं कोलॅजन मंद आचेवर हळूहळू विरघळून त्याचं जिलेटिन होतं. मग मटण हाडावरून सुटतं आणि रस्सा ओठांना चिकटतो. याला दीड-दोन तास द्यावेच लागतात, आच मोठी केली म्हणून काम लवकर होत नाही. चुलीतलं लाकूड बाहेर ओढून निखाऱ्यावर भगोनं ठेवायचे, ते वडिलांना कोणत्या कॉलेजात शिकवलं होतं कोणास ठाऊक.

म्हणजे एकाच पातेल्यात तीन घड्याळं चालतात. मटणाला दोन तास, बटाट्याला वीस-पंचवीस मिनिटं, काटेरी वांग्याला दहा. सगळं एकदम टाकून झाकण लावलं तर तिन्हींचं वाटोळं होतं. आपल्या पुरवणीने तेच करायला सांगितलं.

‘लॅम्ब’ शब्दाचंही बोलायला हवं. लॅम्ब म्हणजे मेंढीचं कोकरू, वर्षाच्या आतलं. आपल्याकडे दुकानात मटण म्हणून मिळतं ते बहुतेक बोकडाचं. मेंढराचं हवं असेल तर सांगून ठेवावं लागतं. साक्रीकडचे ठेलारी मेंढपाळ कळप घेऊन फिरतात. पीक निघाल्यावर शेतकरी त्यांची मेंढरं शेतात बसवून घेतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. आमच्या शेतातही कळप बसायचा, आणि जाताना कधी कधी एक मेंढरू आमच्याकडे राहायचं. तेव्हा खाल्लेल्या मटणाचा वास अजून नाकात आहे. मेंढीच्या चरबीला उग्र वास असतो आणि ती लवकर थिजते. गार झालेलं मेंढीचं मटण खाल्लं तर टाळूला मेण लावल्यासारखं वाटतं. म्हणून वरची जाड पांढरी चरबी काढून टाकायची आणि रस्सा उकळता वाढायचा. पुरवणीत ‘कोमट सर्व्ह करा’ लिहिलंय. अहो, कोमट?

पुरवणीतल्या लेखात स्ट्यू हा आयर्लंडचा असंही म्हटलं आहे. असेल. पण आयरिश स्ट्यूची जुनी रीत म्हणजे मेंढीचं मटण, बटाटे, कांदे आणि पाणी, बस. टोमॅटो त्यात नाहीच. काही बटाटे विरघळून रस दाट व्हावा आणि काही अख्खे राहावेत, अशी ती रीत. मला गंमत वाटली, कारण वडीलही शेवटी दोन फोडी पळीने भगोन्याच्या कडेला चिरडायचे. तिथल्या गरिबाच्या घरात आणि अमळनेर तालुक्यातल्या आमच्या अंगणात एकच युक्ती! मग टोमॅटोचा तो अर्धा किलो आला कुठून? आयर्लंडचा नाही, खानदेशाचा तर नाहीच.

आता ‘खानदेशी टच’. काळा मसाला म्हणजे चाट मसाला नव्हे. आमच्या घरी तो चैत्रात होतो. नोकरीत असताना नंदुरबारची फेरी लागली की मिरची मीच आणायचो. तिथे गावाबाहेर मिरचीच्या पथारी पसरलेल्या असतात, नजर पोचेल तिथपर्यंत लाल. गाडी शेजारून गेली की अर्धी गाडी शिंकायची. त्या मिरच्या काळपट होईपर्यंत भाजायच्या. धणे, सुकं खोबरं, उन्हात वाळवलेला कांदा, दगडफूल, मसाला वेलची, लवंग, दालचिनी, नागकेशर प्रत्येकी वेगळं भाजायचं, कारण प्रत्येकाला लागणारी आच वेगळी. हा मसाला कच्चा खायचाच नसतो. तेलात कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण परतायचं, कडेने तेल सुटलं की मसाला घालायचा, आणि तो तेलात उमलायला जेमतेम मिनिट द्यायचा. जास्त झालं तर कडू. आजी पाठ फिरवून माळ ओढत बसलेली असायची, पण तिथूनच ओरडायची, ‘मसाला जयना रे पोऱ्या!’, म्हणजे मसाला जळला. माळकरी बाईचं नाक मटणाच्या भगोन्यावर इतकं कसं, हे विचारायची माझी कधी हिंमत झाली नाही.

म्हणून आमच्याकडे करतात तसं लिहून देतो. एक किलो मटण, पुढच्या पायाचं आणि चापेचं, नळ्यांसकट. हळद, मीठ, आलं-लसूण लावून अर्धा तास ठेवायचं. थोड्या तेलात एक कांदा परतून त्यावर मटण टाकायचं, त्याचं स्वतःचं पाणी सुटून आटेपर्यंत हलवायचं. मग दीड लिटर गरम पाणी. वडिलांचा शब्द होता, ‘रस्साले पानी गरमच टाक.’ गार पाण्याने उकळी मोडते आणि पुन्हा यायला वेळ जातो. झाकणावरही पाणी ठेवायचं, आतलं कमी झालं की ते गरम झालेलं ओतायचं. मंद आचेवर दीड तास. कुकर असेल तर मटण एकटंच घालून चार-पाच शिट्या, आणि मग झाकण काढून पुढचं सगळं उघड्यावर. दुसऱ्या कढईत शेंगदाणा तेलात वाटण आणि तीन चमचे काळा मसाला परतून मटणात ओतायचा. आता बटाट्याच्या मोठ्या फोडी. दहा मिनिटांनी गवार किंवा शेवग्याच्या शेंगा, आणखी दहा मिनिटांनी वांगी. बटाट्यात सुरी सहज शिरली की मगच चिंच, आणि टोमॅटो हवाच असेल तर एखादा, तोही तेव्हाच. पाच मिनिटं उकळी आणि उतरवायचं. लगेच वाढायचं नाही, पंधरा मिनिटं झाकून ठेवायचं, म्हणजे तर्री वर येते. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाची, भाकरी, कांदा, लिंबू.

वांग्याबद्दल एक सांगायचं राहिलं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते ऐकून आमच्या जावयाने तीच हिरवी मोठी वांगी आणली होती. ती रश्श्यात घालू नयेत. तुरीच्या काड्यांवर भाजायला त्यांचा जन्म. मऊ गर, बिया थोड्या, रश्श्यात पडली की विरून जातात. रश्श्याला लहान काटेरी वांगी घ्यावीत, देठ ठेवून चार चिरा द्याव्यात. माझ्या पातेल्यातली वांगी नाहीशी झाली त्यात जावयाचा वाटाही आहे. सगळा दोष आपल्या माथी मारत नाही.

आणि ‘तेल एक चमचा’ या सूचनेबद्दल न बोललेलंच बरं. डॉक्टरांनी मलाही तेल कमी करायला सांगितलं आहे. मी मटणच कमी केलं, महिन्यातून एकदा. पण त्या एका दिवशी तर्री लाल दिसली पाहिजे. उरलेल्या रश्श्यात दुसऱ्या दिवशी सकाळी बेसनाचे डुबुक वडे सोडायचे, म्हणजे 700 रुपयांच्या वर किलो झालेलं मटण दोन दिवस चालतं. घरच्या पुरुषांनी केलेल्या मटणाचं भगोनं मात्र अजूनही त्यांनीच घासायचं असतं, ही रीत सौभाग्यवतीने कटाक्षाने पाळली आहे.

दुरुस्ती छापणार असाल तर ती चौकटीत छापा, चुकीची सूचना जिथे होती तिथेच. पत्र मोठं झालं, जागा नसेल तर आजीचा भाग कापा, ती आता रागवायला नाही. आयर्लंडही कापा. उंबऱ्यावरच्या ताटल्यांची ओळ मात्र आहे तशी राहू द्या, त्यातली चिंचेची वाटी पुढे सरकवू नका.

आपला,
एक निवृत्त एसटी वाहक
अमळनेर, जि. जळगाव