मागाचा वेग आणि मागणीची लांबी

इचलकरंजी

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तक्ता लक्षपूर्वक वाचला. साधे यंत्रमाग काढून एअरजेट, म्हणजे हवेच्या झोताने आडवा धागा टाकणारे माग बसवले, तर मीटरमागे खर्च किती उतरेल, याचे तुझे गणित बिनचूक आहे. तरीही उत्पादनाच्या दोन पद्धतींची तुलना मीटरच्या खर्चापाशी थांबवू नये, असे मला मनापासून वाटते. एका प्रकारच्या कापडाची मागणी किती लांब चालणार आहे, हे आधी पाहायला हवे.

साधा माग मिनिटाला दीडशेच्या आसपास आडवे धागे टाकतो आणि एअरजेट सहाशेच्याही पुढे जातो. पण कापडाचा प्रकार बदलला की दोन्ही माग सारखेच थांबतात, कारण नवे बीम, म्हणजे उभ्या धाग्यांचा रूळ चढवून, वहिफणी करावी लागते, म्हणजे हजारो उभे धागे वहीच्या डोळ्यांतून आणि फणीच्या दातांतून ओवून घ्यावे लागतात. समज, या बदलाला दोन्हीकडे एक पाळी जाते. जुन्या मागाला चार पाळ्या लागणारे काम नवा माग एका पाळीत विणेल. बदलाची पाळी धरली, तर पाचाला दोन, म्हणजे चौपट वेगाचा फायदा अडीचपटीवर येतो. तेच काम जुन्या मागावर ऐंशी पाळ्यांचे असेल, तर एक्क्याऐंशीला एकवीस, म्हणजे जवळजवळ चौपट फायदा पदरात पडतो. थांबलेल्या मागावरही कर्जाचा हप्ता चालूच राहतो, आणि एअरजेटचा हप्ता साध्या मागासारखा हलका नसतो.

हेन्री फोर्ड यांनी 1913 साली हायलँड पार्कच्या कारखान्यात सरकती जोडणी सुरू केली, तेव्हा मॉडेल टीचा सांगाडा जोडायला लागणारा वेळ सुमारे साडेबारा तासांवरून दीड तासावर आला. इतकी स्वस्ताई दुसऱ्या कोणत्याही पद्धतीने साधली नसती. मात्र ती सारी व्यवस्था एकाच गाडीभोवती उभी होती. 1927 साली मॉडेल ए काढायची वेळ आली, तेव्हा उत्पादन कित्येक महिने बंद ठेवावे लागले.

याच्या अगदी दुसऱ्या टोकाला येवल्याचा पैठणीचा हातमाग आहे. तिथे पदरावर मोराऐवजी कमळ हवे असेल, तर विणकर रंगीत तिल्ल्या, म्हणजे रंगीत धाग्यांच्या छोट्या कांड्या वेगळ्या रीतीने फिरवतो, एवढेच. त्यामुळे एकाच साडीची मागणीही तो माग पेलतो, पण एका साडीला काही आठवडे, कधी महिनेही लागतात.

तुझ्या तक्त्यात सदोष मालाचा रकाना नाही, तो अवश्य घाल. जपानी संशोधक साकिची टोयोडा यांच्या 1924 सालच्या स्वयंचलित मागाची खरी थोरवी मला वेगापेक्षा यात दिसते, की उभा धागा तुटताच तो माग आपोआप थांबत असे आणि खराब कापड पुढे विणलेच जात नसे. आपल्या साध्या मागांवर ही राखण कामगाराच्या डोळ्यांवर आहे, आणि एका कामगाराकडे अनेक माग असतात.

आपण खर्चीवाले आहोत. सूत व्यापाऱ्याचे, मजुरी आपली, आणि कापडाचा प्रकार तोच ठरवतो. म्हणून गेल्या वर्षाची मालाची चलने तुला पाठवत आहे. प्रत्येक प्रकार सलग किती पाळ्या चालला, ते त्यांतून काढ. लांब कामे निम्म्याहून अधिक निघाली, तर तेवढ्या कामापुरते एअरजेट घेऊ आणि उरलेल्या कामासाठी साधे माग ठेवू. रेपियरचा, म्हणजे दांडी किंवा पट्टीने आडवा धागा ओढून नेणाऱ्या मागाचा दरही विचारून ठेव.

तुझे बाबा