वाटेत भेटलेल्या त्या सगळ्यांचे आभार

काल चढावर आमच्या व्हॅनचा तापमानाचा काटा लाल खुणेपर्यंत गेला आणि बॉनेटमधून वाफ यायला लागली. घाबरून मी रेडिएटरचं झाकण उघडायलाच निघालो होतो, तेवढ्यात मागून आलेल्या ट्रकवाल्या दादांनी ओरडून थांबवलं. आतलं तापलेलं पाणी दाबाखाली असतं. झाकण फिरवताच ते तोंडावर उडालं असतं. दादा, माझे डोळे तुमच्यामुळे वाचले. इंजिन निवेपर्यंत तुम्ही आमच्यासोबत उन्हात उभे राहिलात, टोकाशी फाटलेला होजपाइप कापून पुन्हा क्लिपने आवळून दिलात. स्कूटरवरून दोनदा पाणी आणणाऱ्या ताई, आईला सावलीत खुर्ची देणारे आजोबा, तुमची नावं विचारायचीही राहून गेली. पैसे तर कुणी घेतलेच नाहीत. रात्री आम्ही सुखरूप पोहोचलो. मनापासून आभार!