प्रायमाक्वीनपूर्वी जी-सिक्स-पीडी तपासणी व्हावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या पावसाळ्यात माझ्या भाच्याला व्हायवॅक्स हिवताप झाला. यकृतात दडून राहणारे जंतू मारण्यासाठी त्याला 14 दिवसांच्या प्रायमाक्वीनच्या गोळ्या सुरू केल्या आणि तिसऱ्या दिवशी त्याची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे पडले, अखेर रक्त चढवावे लागले. त्याच्या तांबड्या पेशींचे रक्षण करणारे जी-सिक्स-पीडी हे विकर (एन्झाइम) जन्मतःच कमी असल्याने या गोळ्यांमुळे त्या पेशी फुटल्या, हे 3 महिन्यांनी कळले. कारण ऐन आजारात फुटलेल्या पेशींच्या जागी आलेल्या नव्या पेशींत हे विकर जास्त असल्याने तपासणीचा अहवाल फसवा येऊ शकतो. पुढे मीही रक्त तपासून घेतले आणि वयाच्या 52 व्या वर्षी तीच कमतरता माझ्यातही निघाली.

या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलग्यांना हे गुणसूत्र एकच आणि तेही आईकडून मिळत असल्याने त्यांच्यात दोष उघड होतो, वाहक आईला मात्र बहुधा काही जाणवत नाही. माझ्या बहिणीला यावरून ‘माहेरचं दुखणं आणलंस’ असे ऐकावे लागले, याचे मला फार वाईट वाटते. जगात सुमारे 40 कोटी लोकांत ही कमतरता आहे आणि हिवतापाच्या प्रदेशांत ती अधिक आढळते, कारण तिच्यामुळे गंभीर हिवतापापासून काहीसे संरक्षण मिळते, असे मानले जाते.

एरवी ही माणसे निरोगीच असतात. मात्र कुष्ठरोगावरील डॅप्सोनसारखी काही औषधे आणि नॅफ्थलीनच्या डांबरगोळ्या त्यांना घातक ठरतात. आपल्याकडे दमटपणामुळे ट्रंकेत या गोळ्या घालून ठेवलेली जुनी दुपटी थेट तान्ह्या बाळाला गुंडाळतात. बाळात ही कमतरता असेल, तर त्याला तीव्र कावीळ होऊ शकते.

कमतरता आढळली म्हणून उपचार थांबत नाहीत. डॉक्टरांच्या देखरेखीखाली आठवड्यातून एकदा, असे 8 आठवडे प्रायमाक्वीन देता येते. म्हणून कोकणातील प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात पावसाळ्यापूर्वी या तपासणीची सोय व्हावी, अहवाल रुग्णाच्या कार्डावर ठळक नोंदवावा आणि दोष आढळल्यास आईकडच्या नातेवाइकांनाही तपासणीसाठी बोलवावे, अशी आरोग्य विभागाला कळकळीची विनंती आहे.

— एक वाचक, श्रीवर्धन (रायगड)