नोकरी सोडली, त्याबद्दल

सनीव्हेल, कॅलिफोर्निया
रविवार, रात्री

ती. आप्पा आणि आईस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही एवढंच विचारलंत, "काय करी ऱ्हायना रे तू?" आणि फोन आईकडे दिलात. आईने विषय भरताच्या वांग्यांवर नेला. तुमच्यापुढे माझी वाचा अजूनही बसते, म्हणून लिहितोय.

एकोणीस वर्षांची नोकरी सोडली. काढलेलं नाही, मी सोडली. व्हाइस प्रेसिडेंट होतो, हाताखाली दोनशे इंजिनिअर. आता एका व्हेंचर फंडात भागीदार झालोय. पगार निम्म्यावर आला. (आईला वाचून दाखवताना हे गाळा.)

काम असं. पेन्शन फंड, विद्यापीठांच्या ठेवी अशांचा पैसा साधारण दहा वर्षांच्या बोलीने आमच्याकडे येतो. तो आम्ही नव्या कंपन्यांत घालतो आणि त्यांचे शेअर घेतो. सांभाळायचे वर्षाला दोनेक टक्के, शेवटी नफा झालाच तर त्यातला पाचवा हिस्सा आमचा. बटाईच म्हणा. फक्त इथे बऱ्याच पेरण्या वाया जाणार हे मालकाने आधीच धरलेलं असतं. बुडालं तर घातलं तेवढंच बुडतं. फळलं तर त्याला माप नाही.

ही वाट काही मी पाडलेली नाही. विनोद खोसलांचं नाव पेपरात वाचलं असेल. आयआयटी दिल्लीतून निघाल्यावर फ्रिज नसलेल्या घरांसाठी सोयाबीनचं दूध विकायचा घाट त्यांनी घातला होता, तो जमला नाही. पुढे 1982 मध्ये तिघांबरोबर सन मायक्रोसिस्टिम्स ही कॉम्प्युटरची कंपनी काढली, पहिले सीईओ तेच. ती खुर्ची लवकरच सोडली आणि 1986 मध्ये क्लायनर पर्किन्स या फंडात गेले. 2004 मध्ये स्वतःचा फंड. लाकडापासून तेल काढणाऱ्या कायोर कंपनीत त्यांनी भरपूर पैसा ओतला. तिने 2014 मध्ये दिवाळं काढलं. 2019 मध्ये ओपनएआयमध्ये 5 कोटी डॉलर घातले, तेव्हा तिचं चॅटजीपीटी यायला तीन वर्षं होती. कायोरचं नाव आज कोण काढतं?

माझं मात्र पहिल्याच आठवड्यात हसं झालं. पंचविशीतली दोन पोरं आली. डेटा सेंटरमधल्या चिपा पाण्याने थंड ठेवायचं यंत्र करतायत. तळहाताएवढी तांब्याची पट्टी, तिला दोन नळ्या. पिशवीतून काढताना टेबलावर पाणी सांडलं, ते एकाने शर्टाच्या बाहीने पुसलं. मी सवयीने सुरू झालो. गळती झाली तर? पंप बसला तर? नळीत शेवाळ धरलं तर? अकरा खोडी काढल्या, अकराही खऱ्या. पोरं गेल्यावर आमच्यातल्या सगळ्यात जुन्या भागीदार बाई म्हणाल्या, "नाही चाललं तर काय, हे तू छान सांगितलंस. चाललं तर काय, हे विचारलंच नाहीस." एकोणीस वर्षं मला पगार मिळाला तो काही बिघडू नये म्हणून. ही खोड सहज जायची नाही.

तुम्ही म्हणाल, जुगार आहे. अमळनेरात बसून तुम्हाला असं म्हणता येणार नाही, आप्पा! 1945 मध्ये आपल्या गावात वनस्पती तुपाची कंपनी निघाली. 1966 मध्ये वडील गेले आणि अझीम प्रेमजी एकविसाव्या वर्षी स्टॅनफर्डचं शिक्षण अर्धवट टाकून आले, तेव्हाही ती तूप-साबणाचीच. तिची विप्रो होईल, कॉम्प्युटरमध्ये जाईल, हे गल्लीत कोणाच्या स्वप्नात होतं? ज्यांनी शेअर नुसते ट्रंकेत ठेवले, त्यांचं काय झालं ते गाव जाणतं.

आजोबांनी आपले शेअर बहात्तरच्या दुष्काळात विकले, विहीर खोल करायला. 'आज किती झाले असते' हा हिशेब लग्नाच्या पंगतीत कोणी काढला, की तुम्ही पाण्याचा जग उचलून वाढायला उठायचात. मी पाहिलंय. लहानपणी मला आजोबांचा राग यायचा. आता रोज ज्यांचा पैसा हाताळतो, त्यांना तो दहा वर्षं लागणारच नसतो. आजोबांना दहा दिवस थांबायची सोय नव्हती. पुढे माझी इंजिनिअरिंगची फी त्याच विहिरीच्या पाण्यावर निघाली. पंगतीतल्या हिशेबात ती कोणी धरत नव्हतं.

माझं घराचं कर्ज फिटलंय, पोरगी कॉलेजला गेली. मला थांबता येतं, म्हणून सोडली. दुसरं कारण नाही.

वैशाखात सखाराम महाराजांच्या यात्रेला येतोय, तिकीट काढलंय. बोरीच्या पात्रात तुमच्याबरोबर एक चक्कर मारायची आहे. आईला सांगा, कळण्याचं पीठ आत्तापासून दळून ठेवू नको. आणि विहिरीला यंदा किती हात पाणी आहे, ते कळवा.

आपला,
बापू